नाव मोठ्यानं वाचणाऱ्या भोयरबाई

भोयरबाईंच्या रेकॉर्ड रूममध्ये मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा हातातला चहाचा पेला फायलींच्या एका गठ्ठ्यावर ठेवला. बाईंनी तो उचलला, खिडकीतून चहा बाहेर ओतला आणि रिकामा पेला माझ्या हातात दिला.

"घरी बापाच्या टाळक्यावर चहा ठेवतो का तू?"

मी त्या सरकारी मनोरुग्णालयात नुकताच फार्मासिस्ट म्हणून लागलो होतो. दवाखाना भिलाईजवळ, चरोदा आणि कुम्हारीच्या मध्ये, हमरस्त्यापासून जरा आत. आता तो बंद आहे. फाटकावर सरकारी कुलूप आहे आणि कुलपावर आणखी एक कुलूप, कारण पहिल्याची किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच ठाऊक नाही. त्या दवाखान्याची आठवण निघाली की माझं डोकं तापतं. बायको म्हणते, आता बस्स करा, बीपी वाढेल. वाढू दे. भोयरबाईंबद्दल थंड डोक्यानं लिहिणं मला जमणार नाही, आणि त्यांनाही ते आवडलं नसतं.

बाई चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतल्या. मूळच्या नागपूरकडच्या, नवरा मालगाडीवर गार्ड. बुटक्या, जाड भिंगांच्या चष्म्याच्या, कॉटनच्या साडीला नेहमी एक सेफ्टीपिन जास्तीची. त्यांच्या लेखी फाइल म्हणजे माणूस. छत गळलं की म्हणायच्या, "आठ माणसं भिजली." गठ्ठा घसरला की, "उचल रे, माणसं खाली पडली." पान उलटताना बोटाला थुंकी लावलेली त्यांना खपायची नाही. "माणसाले थुका लावतेत का?" शिपायापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांनी हे ऐकून घेतलं होतं, आणि सगळे त्यांच्या मागे हसायचे. मीही हसायचो.

दुसरी एक सवय. फाइल हातात घेतली की वरचं नाव त्या मोठ्यानं वाचायच्या. खोलीत कोणी असो नसो. मी एकदा विचारलं, बाई, मनात वाचलं तर चालत नाही का?

"मनात वाचलेलं नाव कागदावरच रायते," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं वाचलं का माणूस येऊन उभा रायते."

तेव्हा मला हे खूळ वाटलं होतं.

चरोद्याहून त्या बसनं यायच्या. आमच्या थांब्याला कंडक्टर ओरडायचे, "चलो पागलखाना, पागलखाना!" बाई दारात उभ्या राहायच्या आणि उतरायच्या नाहीत. मागचे लोक खोळंबायचे, ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा. "सही नाम बोलो, तब उतरूँगी." शेवटी कंडक्टर हात जोडून म्हणायचा, "अम्माजी, सरकारी अस्पताल आ गया, उतरिए." मग बाई उतरायच्या, मागे वळून त्याला "जीते रहो" म्हणायच्या. नव्या कंडक्टरबरोबर हे पहिल्यापासून सुरू व्हायचं. इतक्या वर्षांत एकही दिवस त्यांनी ते सोडून दिलं नाही.

एकदा मोठ्या गाडीतून एक गृहस्थ आले. त्यांचा धाकटा भाऊ आमच्याकडे एकोणीस वर्षं राहून वारला होता आणि आता जमिनीच्या फेरफारासाठी यांना त्याचे कागद हवे होते. चार माणसं सोबत, वर कोणाची तरी चिठ्ठी. बाईंनी फाइल काढली, नाव मोठ्यानं वाचलं, त्यांना बसायला खुर्ची दिली आणि भेटायला आलेल्यांच्या नोंदीचं पान उघडून पुढं ठेवलं.

"पढ़िए."

त्यांनी पान पाहिलं. "इसमें तो कुछ लिखा नहीं है."

"वही पढ़िए. ज़ोर से."

ते गृहस्थ कोऱ्या पानाकडे पाहत बसले. चौघं माणसं एकमेकांकडे पाहायला लागली. बाईंनी मग नियमाप्रमाणे नकला दिल्या, शिक्का मारला, पोच घेतली. कामात खोट त्यांनी कधी काढू दिली नाही. तो माणूस गेल्यावर म्हणाल्या, "जमिनीचा रस्ता सापडला, भावाचा नाही सापडला मुड्द्याले." ही शिवी मी त्यांच्या तोंडून दोनदाच ऐकली. दुसरी वेळ पुढं येईल.

मग दवाखाना बंद करायचा हुकूम आला. इमारत धोक्याची झाली होती हे खरं. रोगी दुसऱ्या शहरात हलवायचे आणि जुनं रेकॉर्ड "नियमानुसार नष्ट" करायचं. तोपर्यंत बाईंच्या ताब्यात फक्त सुटलेल्यांच्या आणि मेलेल्यांच्या फायली असायच्या. जिवंत लोकांच्या फायली वॉर्डात, सिस्टरच्या कपाटात. आता यादी करायला त्याही बाईंच्या टेबलावर आल्या. मला मदतीला दिलं होतं. बाई नाव वाचायच्या, मी लिहायचो.

दुपारची वेळ होती. बाईंनी एक जुनी फाइल उचलली आणि वाचलं, "कावून बाई."

आणि थांबल्या. पुन्हा वाचलं, जरा हळू. "कावून. बाई." त्यांना हसू फुटलं. पदर तोंडाला लावून हसल्या, आणि हसता हसता अचानक गप्प झाल्या. चष्मा काढून ठेवला.

"दवाईवाल्या, हे नाव नोहे रे. हा तं प्रश्न हाय."

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. कावून म्हणजे का. भिलाईच्या कॅम्प-१ वस्तीतल्या आमच्या मराठी घरात हा शब्द दिवसातून शंभरदा उच्चारला जातो. कावून उशीर झाला, कावून जेवला नाही. आणि गेली आठ वर्षं मी रोज सकाळी बायकांच्या वॉर्डात जाणाऱ्या गोळ्यांच्या ताटलीवर चिठ्ठी लावत होतो: कावून बाई, एक सकाळी, एक संध्याकाळी. आठ वर्षं! दवाखान्याचं दार ओलांडलं की मी हिंदी व्हायचो, आणि हिंदीत कावूनला काही अर्थ नाही. मी ते नाव मनात वाचत होतो.

फायलीत सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं. राज्य अजून मध्य प्रदेशच होतं तेव्हाची गोष्ट. पोलिसांनी दुर्गच्या फलाटावरून एक रडणारी तरुण बाई आणली. भरतीच्या बाबूनं विचारलं असणार, नाम क्या है? ती म्हणाली, कावून? बाबूनं लिहिलं, कावून बाई. पति का नाम? ती गप्प राहिली, लिहिलं, अज्ञात. गाँव? तिनं हात करून सांगितलं, तिकडं. बाबूनं लिहिलं: ग्राम तिकड़े. खाली डॉक्टरांचा शेरा: असंबद्ध बोलती है, भाषा समझ में नहीं आती, प्रश्न के उत्तर में प्रश्न करती है.

आणि त्याच छापील अर्जावर, डाव्या बाजूला, एक रकाना होता. 'भाषा'. तो कोरा होता.

यानंतर जे होतं ते वाचून हसावं की कोणाच्या मुस्कटात मारावं ते कळत नाही. दवाखान्यानं नियम पाळला होता. दर वर्षी नातेवाइकांना रीतसर पत्र पाठवलं होतं: ग्राम तिकड़े. दर वर्षी पोस्टानं ते परत केलं होतं: ऐसा कोई गाँव नहीं. परत आलेली सगळी पाकिटं तारीखवार टाचून ठेवलेली होती. कामात चूक कुठंच नाही. एका बाईचं अख्खं आयुष्य तेवढं त्या टाचणीत अडकलं होतं.

बाई तशाच उठल्या आणि बायकांच्या वॉर्डात गेल्या. ती खिडकीजवळ भिंतीला टेकून बसलेली होती. केस पांढरे, बारीक कापलेले. बाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या.

"माय, तुयं नाव काय वं?"

ती पाहत राहिली. मग म्हणाली, "कावून?"

नाव सांगितलं की प्रश्न विचारला, ते देवच जाणे. बाई परत आल्या. "आता पोरीले सोताचं नावई तेच वाटत असन," म्हणाल्या. त्या दिवसापासून बाईंना एकच ध्यास लागला. बस येऊन रोग्यांना घेऊन जाण्याआधी हिचं नाव सापडलं पाहिजे आणि ही आपल्या घरी गेली पाहिजे. एकदा ती त्या बसमध्ये कावूनबाई म्हणून चढली की संपलं.

रोज दुपारी डबा घेऊन त्या तिच्यापाशी बसायच्या आणि मराठीत बोलायच्या. भाजीचं, लेकीचं, पाण्याचं. ती ऐकायची. महिना गेला, दोन गेले. बोलली नाही.

संक्रांत आली. दर वर्षी बाईंचं हळदीकुंकू कॉलनीत त्यांच्या घरी व्हायचं. त्या वर्षी त्यांनी ते वॉर्डात केलं. सिस्टर म्हणाली, मॅडम, इनमें कौन सुहागन है कौन नहीं, किसको पता? बाई म्हणाल्या, "फाइल में सब 'अज्ञात' है. अज्ञात को कुंकू चलता है." सगळ्या जणींना कुंकू लावलं, तिळगूळ दिला. तिच्यापाशी आल्या, कुंकू लावलं, आणि आपल्याकडे बायका बायकांना म्हणतात तसं सहज म्हणून गेल्या, "घे वं, नाव घे."

मी दारात तिळगुळाचा डबा धरून उभा होतो. त्या बाईनं डोक्यावर पदर नव्हता तरी तो सारखा केल्यासारखा हात फिरवला. मान खाली घातली. आणि गंजलेलं कुलूप उघडावं तशा आवाजात म्हणाली:

"धानाच्या बांधीले नहराचं पानी,
सदाशिवाचं नाव घेतो, चिंचोलीची तानी."

भोयरबाई रडल्या नाहीत. त्यांनी आधी हातावरच कुंकवाच्या बोटानं लिहून घेतलं: सदाशिव, चिंचोली, तानी. मग रडल्या.

नवऱ्याचं नाव विचारलं तर बाई कशी सांगेल? नाव घ्यायला सांगावं लागतं. तसं कोणी सांगितलं असतं तर पहिल्याच दिवशी तिनं नवरा, गाव आणि स्वतःचं नाव, तिन्ही एका दमात दिली असती. तिच्या तोंडात ते सगळं तयार होतं. विचारणाऱ्याला विचारता आलं नाही, आणि येडी ती ठरली.

आता चिंचोल्या काय, पायलीच्या पन्नास. पण धानाची बांधी आणि नहर, म्हणजे भातखाचर आणि कालवा, म्हटल्यावर बाईंनी भंडारा-गोंदियाची बाजू धरली. तिकडच्या जेवढ्या चिंचोल्या सापडल्या तेवढ्या गावांच्या सरपंचांना पोस्टकार्डं गेली. होळीच्या आसपास बाईंच्या मोबाइलवर फोन आला. म्हाताऱ्या माणसाचा आवाज. तो तानीचा भाऊ होता. पोर दगावल्यापासून ती रडायची थांबत नव्हती म्हणून तो तिला गोंदियाच्या दवाखान्यात घेऊन निघाला होता. फलाटावर तिला गाडीत बसवून पाणी आणायला गेला. गाडी भलतीच होती, आणि ती सुटली. ती नागपूरकडची गाडी समजून त्यानं नागपूरपर्यंतची सगळी स्टेशनं धुंडाळली. उलट्या बाजूला, दुर्गकडं, कोणी पाहिलंच नाही. सदाशिवानं पुढं दुसरी केली.

बाई फोन घेऊन वॉर्डात धावल्या. तिच्या कानाला लावला. फोनमधून आवाज आला, "तानी! ए तानी!"

"ओ," ती म्हणाली.

तेवढंच. पण सिस्टर मला नंतर म्हणाली की कावूनबाई हाक मारली की ती नुसती उठून यायची, ओ तिनं कधीच दिली नव्हती.

आता खरं तर काय राहिलं होतं? भाऊ दुसऱ्या दिवशी निघायला तयार होता. पण आमचे अधीक्षक साहेब! त्यांनी बाईंचं सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "भोयर मैडम, रिकॉर्ड में तानी नाम की कोई है ही नहीं. जो भर्ती नहीं हुई, उसको छुट्टी कैसे दूँ?"

"सर, नाम गलत लिखा गया है."

"तो नाम सुधार का प्रस्ताव ऊपर भेजिए. भाई से कहिए राशन कार्ड, सरपंच का प्रमाणपत्र, सब लेकर आए."

बाईंनी फाइल त्यांच्यापुढे आपटली. फायलीला माणूस मानणारी ही बाई, तिनं ती आपटली. "ये देखिए. ऊपर मध्यप्रदेश छपा है ना? राज्य का नाम बदला तो आठ दिन में रबर का ठप्पा आ गया. पूरे राज्य का नाम बदल सकता है, एक औरत का नहीं?"

"मैडम, प्रक्रिया होती है," साहेब म्हणाले. वाईट माणूस नव्हता तो. हेच मला जास्त डाचतं. वाईट असता तर निदान शिव्या घालता आल्या असत्या.

प्रस्ताव वर गेला. भाऊ कागद गोळा करत गावभर फिरत राहिला. उन्हाळा चढला. बाई लेकीच्या बाळंतपणाला आठ दिवस नागपूरला गेल्या, आणि त्याच आठवड्यात तानीला ताप आला. तीन दिवसांत ती गेली.

इथं मला माझं सांगितलं पाहिजे. मी साहेबांच्या केबिनमध्ये होतो. ते म्हणाले, "परिजनों को सूचना भेज दी गई है." मी मान डोलावली आणि बाहेर आलो. सूचना कुठं गेली होती माहीत आहे? फायलीतल्या पत्त्यावर. ग्राम तिकड़े. आणि मला ते सुचू नये! भावाचा नंबर फक्त बाईंकडं होता, आणि त्यांना फोन करायला मला दोन दिवस लागले. बाळंतपणाच्या घरी कशाला वाईट बातमी द्या, असं मी स्वतःला समजावलं. नुसता भेकडपणा होता. तोवर वारस नाही म्हणून नगरपालिकेनं अंत्यसंस्कार उरकला होता.

चौथ्या दिवशी भाऊ तिला न्यायला आला, त्याला बाईंचा फोन लागलाच नव्हता. बाई पहाटेच्या गाडीनं नागपूरहून थेट दवाखान्यात आलेल्या. त्याच्या पिशवीत सगळे कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले होते, आणि वर एक हिरवं लुगडं होतं. साहेबांनी त्याला मृत्यूचा दाखला दिला. त्यानं तो लांब धरून वाचला.

"हे कावून बाई कोन हाय?"

त्यानं दाखला भोयरबाईंपुढं धरला.

"माही बहीण कुठं हाय, बाई?"

भोयरबाईंनी त्याला सांगितलं. उभ्यानंच, एका वाक्यात सांगितलं. म्हाताऱ्यानं दाखला घडी करून खिशात घातला, लुगडं टेबलावर ठेवलं आणि फार साध्या आवाजात विचारलं, "मंग आमाले सांगतलं कावून नाही?"

भोयरबाई माझ्याकडं वळल्या. "नाही सांगतलं मुड्द्याहो," म्हणाल्या. अनेकवचन होतं ते, आणि मी त्यात होतो.

मग त्यांनी सगळ्यांच्या देखत फाइल उघडली. त्यांच्या नोकरीत त्यांनी कुठल्या फायलीवर स्वतःच्या मनानं एक टिंबही काढलेलं नव्हतं. पेन घेतलं आणि तो डाव्या बाजूचा कोरा रकाना भरला. भाषा: मराठी.

साहेबांनी त्यांना नोटीस दिली. शासकीय अभिलेख में छेड़छाड़, कारण बताओ. बाईंनी उत्तर एका शब्दाचं लिहिलं: "कावून?" ते उत्तर फायलीला लागलं आणि ती फाइल पावसाळ्यात बाकीच्यांबरोबर ट्रकमध्ये गेली. ट्रक भरताना मजूर गठ्ठे फेकत होते. बाई फाटकाशी उभ्या होत्या. "हळू रे, हळू," एवढंच म्हणत होत्या. नोटीस मात्र त्यांनी नेली. चरोद्याच्या घरी देव्हाऱ्याशेजारी ती खिळ्याला टांगलेली मी पाहिली आहे, तिच्याखाली ते हिरवं लुगडं घडी करून ठेवलेलं.

शेवटचं त्यांना पाहिलं ते मागल्या वर्षी, भिलाईतल्या एका खाजगी दवाखान्यात. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, गुडघे गेले होते. मी माझं बीपी दाखवायला आलो होतो आणि रांगेत त्यांच्या मागे होतो, त्यांनी मला पाहिलं नव्हतं. काउंटरवर एक मुलगी कॉम्प्युटरवर बोटं चालवत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "माताजी, नाम?"

बाईंनी काठीवर दोन्ही हात ठेवले.

"कावून?" म्हणाल्या.

मुलीची बोटं चालली. टक टक टक. "कावून... आगे? पति का नाम?"

मी मागून त्यांची पाठ पाहत होतो. ती ताठ झाली. त्यांनी काठी काउंटरवर आडवी ठेवली, दोन्ही हातांनी चष्मा सारखा केला आणि वाकून त्या मुलीच्या चेहऱ्यासमोर चेहरा नेला.

"मिटा," त्या म्हणाल्या. "मिटा पहले, जो लिखा है. अब ऊपर देख. मेरी तरफ देख, बेटा. हाँ. अब पूछ."

मागे रांग वाढली होती. कोणीतरी कुरकुरलं. मुलीनं घाबरून मान वर केली आणि पुन्हा पहिल्यापासून विचारलं. मग बाईंनी आपलं नाव सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, आणि ती लिहीत असताना स्क्रीनवर बोट ठेवून तिच्याकडून ते मोठ्यानं वाचून घेतलं.